गुलाबाच्या बुडाशी कात्रणं

सरस्वतीपुरमच्या आमच्या रस्त्यावर सगळ्यांच्याच अंगणात झाडं होती, पण कपडे घातलेली झाडं फक्त आमच्याकडे. मोगऱ्याच्या बुडाशी शेजारच्या काकूंच्या परकराचा पोपटी रंग, अबोलीभोवती कोपऱ्यावरच्या घरातल्या बारशाचा गुलाबी, आणि कढीपत्त्याखाली समोरच्या पेन्शनर मास्तरांच्या चड्डीचे निळे पट्टे. कोणाकडे काय नवीन शिवलं गेलं ते रस्त्यावरून जाता जाता कळावं. माझ्या वर्गातल्या मुली फाटकाशी थांबून ते मोठ्यानं म्हणूनही दाखवायच्या. 'आज पिवळा आलाय गं, पिवळा कोणाचा?' मी दप्तर छातीशी धरून सरळ आत पळायची आणि त्या पुढे गेल्याची खात्री होईपर्यंत स्वयंपाकघरातच घुटमळायची.

आम्ही शिंपी. आमच्या लोकांचं विठ्ठलाचं देऊळ, एकादशीला बंद मशीन आणि घरात बोलायला कन्नड कालवलेली मराठी, एवढं सांभाळत आमची माणसं म्हैसुरात किती पिढ्या राहिली ते मला नीट सांगता येणार नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेठेतलं भागीतलं दुकान सोडलं आणि सरस्वतीपुरमात अर्धं घर भाड्यानं घेतलं तेव्हा मी लहान होते. पुढच्या पडवीत मशीन आणि कापायचं टेबल. पडवीला लाल कोबा, आई रोज पुसून तो चकचकीत ठेवायची. पडवीपुढे फाटकापर्यंत जेमतेम अंगण. मशीनवर बसलं की दिवसभर अप्पांच्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं, त्यामुळे ते हिरवं असावं असं त्यांच्या मनानं घेतलं. एकदा त्यांच्या मनानं घेतलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, अशी आमच्या घरची रीत होती.

पण म्हैसूरची लाल माती उन्हाळ्यात कोणाच्या मनाची पर्वा करत नाही. होळी झाली की ती वरून अशी टणक व्हायची की खुरप्याचा आवाज यायचा. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ. त्यातलं झाडांच्या वाट्याला यायचं ते तांदूळ धुतलेलं आणि भांडी विसळलेलं. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत कुठे गेलं ते कळायचं नाही. इतरांकडे नारळ होते, त्यांच्या झावळ्या आणि शेंड्या ते झाडांच्या बुडाशी पसरायचे. आमच्याकडे एक शेवगा होता, त्याची पानं टिकलीएवढी. मी ती झाडून आळ्यात भरायची आणि संध्याकाळी वारा ती परत पडवीत आणून टाकायचा.

मग एकदा भिंतीच्या कोपऱ्यात कात्रणांचं एक बोचकं विसरून राहिलं. कात्रणं म्हणजे कापड बेतताना कात्रीखालून पडतात ते तुकडे. अप्पांनी बोचकं उचललं तर खालची माती काळपट, ओलसर, आणि चक्क गांडुळं वळवळतायत. आजूबाजूला भेगा पडलेल्या आणि मधे ही बोचक्याएवढी ओल. अप्पांनी मला हाक मारून ते दाखवलं. देवळात मूर्तीला नवा पोशाख घातल्यावर जसे बघायचे तसे ते बघत होते. दुसऱ्या दिवसापासून आमची झाडं कपडे घालायला लागली.

सुरुवातीला फजिती झाली. ते टेरिलीनचे दिवस, ज्याला त्याला टेरिलीनच हवं. अप्पांनी सगळी कात्रणं सरसकट शेवंतीला घातली. टेरिलीनमधून पाणी खाली झिरपेना, वरच साचून राहिलं आणि जे थोडं खाली गेलं ते वाळेना. शेवंती बुडातून कुजली. तेव्हापासून कात्रणं निवडायचं काम माझ्याकडे आलं. संशय आला की तुकड्याचा एक दोरा काढायचा आणि काडी लावायची. राख झाली तर सुती, गोळी झाली तर टेरिलीन. सुती झाडाला, टेरिलीन उशीत. अप्पांनी मग एकेक शिकत बरंच बसवलं. आधी गवत मुळासकट काढायचं. माती भिजवून घ्यायची आणि मगच वर कात्रणं घालायची, कारण कोरड्या मातीवर घातली तर आत कोरडंच राहतं. थर चार बोटं. आणि खोडाला काही टेकू द्यायचं नाही. खोडाभोवती हात फिरेल एवढी जागा मोकळी, नाहीतर ओल लागून साल कुजते. पावसाळा लागला की निम्मी बाजूला ओढायची. पहिली कात्रणं विरून मातीत गेली की वरून नवी.

आई वैतागली होती. "निदान वरनं स्वल्प माती तरी टाका की," ती म्हणायची. "दिसू तरी नको. रस्त्यावरची माणसं काय म्हणत असतील?"

"माती टाकली की त्यात परत गवत येतंय," अप्पा म्हणायचे. "उघडं राहू दे. झाडाला कसली लाज?"

झाडाला नव्हतीच. ती सगळी माझ्या वाट्याला आली होती.

आणि ती अजून गेलेली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. आता मी म्हैसुरातच, विजयनगरात राहते. गच्चीवर कुंड्या आहेत, खाली भिंतीलगत एक वाफा आहे, आणि सुनेच्या मैत्रिणी मल्चिंग कसं करायचं ते विचारायला माझ्याकडे येतात. मी त्यांना सगळं सांगते. चार बोटं, ओल्या मातीवर, खोडापासून लांब. त्या फोनमध्ये लिहून घेतात. "आणि घालायचं काय, आंटी?" असं विचारलं की मी म्हणते, नारळाच्या शेंड्या घाला, वाळलेली पानं घाला. कात्रणं हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. नातवंडांची आजी झाले तरी शिंप्याच्या अंगणाला मी बिचकते, ही काय तऱ्हा म्हणायची!

पण रंगीत अंगणाची लाज वेगळी, आणि त्या शनिवारची वेगळी. ती समजायला अप्पांचा एक नियम माहीत पाहिजे. शिंप्याकडे कापड दिलं की गिऱ्हाइकाच्या मनात एक किडा असतोच. उरलेलं कापड गेलं कुठे? तोंडावर कोणी म्हणत नाही, पण कापड देताना हातानं मोजून देतात आणि कपडा घेताना नजरेनं मोजून घेतात. म्हणून अप्पांनी ठरवून टाकलं होतं. तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा उरला तर तो गाठ मारून शिवलेल्या कपड्याबरोबर परत द्यायचा. त्याहून लहान तेवढाच आपला. कोणी "ठेवा हो यजमानरे, आम्ही काय करणार त्याचं" म्हटलं तर ते ठेवून घ्यायचे. त्यातूनच माझे फ्रॉक व्हायचे. पाठ एका घरची, पोट दुसऱ्या घरचं, कॉलर तिसरीकडची. ते नीट बसायचे, अप्पांचा हात तसाच होता. पण वर्गात एकीनं माझ्या कॉलरला बोट लावून 'ही आमची आहे' म्हटलं होतं, आणि बाई वर्गात येईपर्यंत सगळ्या हसत होत्या. कॉलर त्यांनी दिलेली होती की अप्पांनी ठेवून घेतलेली, हे मी घरी येऊन विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं तेव्हा वाटलंही नाही. मनात मात्र ते राहिलं.

आमच्या गणिताच्या टीचर पुढच्याच क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीत, राहायच्या. उंच, सडपातळ, छत्री कायम काखेत. आवाज चढवायच्या नाहीत. खडू खाली ठेवून नुसत्या बघायच्या आणि तेवढ्यानं आमची गाळण उडायची. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी अप्पांकडे वांगी रंगाचं कापड दिलं होतं, आत बारीक सोनेरी रेघ. ब्लाउज झाला तेव्हा अप्पा त्यांना म्हणाले होते, "टीचरम्मा, कापड कमी पडलं. बाही दोन बोटं आखूड करावी लागली." त्यांना आवडलं नव्हतं. घडी उलगडून त्यांनी बाही दोनदा बघितली.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं एका शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, त्या दुसरं कापड घेऊन आल्या. मी पडवीत काज-बटणं करत बसले होते. फाटक वाजलं, आणि मग पावलं वाजलीच नाहीत. मी मान वर केली तर त्या गुलाबापाशी उभ्या होत्या. अप्पांचा लाल गुलाब, सगळ्यात लाडका. त्याच्या बुडाशी अप्पांनी ब्लाउज झाला तेव्हाच नवा थर घातला होता आणि तो जवळजवळ सगळा वांगी होता. उन्हात त्यातली सोनेरी रेघ चमकत होती. त्या वाकल्या, छत्रीच्या टोकानं एक तुकडा उचलला आणि तसाच टोकावर धरून पडवीशी आल्या.

"यजमानरे," त्या म्हणाल्या. बोलणं कन्नडमधलंच. "कापड कमी पडलं म्हणालात ना, अल्वा?"

"हौदु, अम्मा," अप्पा म्हणाले. म्हणजे हो.

"मग हे काय?"

आवाज चढला नव्हता. तरीही समोरच्या मास्तरांनी पेपर खाली घेतला. भाजीची गाडी शेजारच्या फाटकाशी थांबली होती, तिच्याभोवतीच्या दोघीतिघींनी हातातले दोडके तसेच धरले. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सोमवारी पहिला तास गणिताचा होता.

अप्पा वाद घालतील असं मला वाटलं. त्यांचा आवाज मोठा होता, भाडेवाढीवरून घरमालकाशी भांडले की पुढच्या क्रॉसला ऐकू जायचं. पण ते उठले. भिंतीवर खिळ्याला नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फर्मे टांगलेले असायचे, म्हणजे खाकी कागदाचे ब्लाउजचे भाग, पाठ, पुढा, बाही. त्यातला टीचरांचा त्यांनी काढला. टेबलावरचा खडू घेतला आणि पडवीच्या लाल कोब्यावर गुडघ्यावर बसून एक लांबट चौकोन आखला, त्यांनी दिलेल्या कापडाएवढा, तेवढाच पन्हा, तेवढीच लांबी. त्यात फर्म्याचे कागद मांडले, कापताना मांडले होते तसे.

"तो वांगी रंग सगळा येचून आण गे," मला म्हणाले. "एक पण सोडू नको. नळाखाली स्वल्प खंगाळ. सुम्ने बघत उभी राहू नको."

मी गुलाबापाशी उकिडवी बसले आणि वेचायला लागले. काट्यांनी हात ओरबाडत होते. माझी पाठ रस्त्याकडे होती आणि रस्ता माझ्या पाठीवर होता. अप्पांनी सगळ्या जगासमोर माझ्याकडून आमच्याच अंगणातल्या चिंध्या गोळा करवाव्यात, याचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ओंजळ भरली की मी नळावर जायची, माती खंगाळायची आणि ओले तुकडे पडवीत नेऊन द्यायची. अप्पा एकेक तुकडा उचलून, फिरवून, रेघ बघून कागदांच्या मधल्या रिकाम्या जागांत बसवत होते. मुंढ्यांच्या कापातल्या कोयऱ्या. गळ्याखालच्या अर्ध्या चकत्या. कडेच्या लांब, निमुळत्या पट्ट्या, पुष्कळ. बाहीवर सोनेरी रेघ सरळ खाली उतरावी म्हणून कापड आडवं फिरवता आलं नव्हतं, त्यामुळे कडेनं ते असं बारीक बारीक वाया गेलं होतं. हे ते बोलत नव्हते. बसवत होते.

टीचर आधी नुसत्या उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं. "बिडी, सोडा, यजमानरे," त्या म्हणाल्या. "परवागिल्ल, असू दे. माझं काही म्हणणं नाही."

मलाही तेच हवं होतं. अप्पांनी सोडावं, टीचरांनी जावं, भाजीची गाडी पुढे सरकावी. पण अप्पांनी मान हलवली. आता सोडलं असतं तर त्या मोठ्या मनानं गेल्या असत्या, आणि अप्पा कायमचे कापडचोरच राहिले असते. रस्ता तर बघतच होता. असल्या मोठ्या मनानंच माणसाचं नाक कापलं जातं. हे मला आज कळतं. तेव्हा मी मनातल्या मनात अप्पांना हट्टी म्हातारा म्हणत होते, आणि ते म्हातारेसुद्धा नव्हते.

चौकोन भरत आला. दोन बाह्यांच्या मधली एक तिकोनी जागा तेवढी उरली, तळहाताहून जेमतेम लहान. त्यातून लाल जमीन दिसत होती.

"एक आणखी हाय," अप्पा म्हणाले. "बघ."

मी बघितलं. मोगऱ्याखाली, अबोलीखाली, सगळीकडे. पोपटी, गुलाबी, निळे पट्टे, वांगी कुठेच नाही. मी पडवीच्या पायरीशी येऊन मान हलवली. टीचर त्या तिकोनाकडे बघत होत्या. फळ्यावरचं गणित अडलं की बघायच्या तशा. मग माझी नजर मशीनखाली गेली. तिथे अप्पांचा पत्र्याचा डबा असायचा. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. आत सुया आणि परदेशी कात्री आहे एवढंच माहीत. मला वाटलं, तो तुकडा त्यात आहे. असंही नाही की शंका आली आणि गेली. मला खात्री वाटली. वांगी तिकोनाचं काय होणार होतं तेसुद्धा दिसलं, माझ्या दसऱ्याच्या फ्रॉकचा खिसा. आणि आता सगळ्या शाळेला कळणार, मी कुठल्या तोंडानं वर्गात बसणार, एवढाच पुढचा विचार होता. अप्पांचं काय होईल हा नव्हता.

अप्पा उठले. गुडघ्यांवर लाल कोब्याची ओल उमटली होती. ते गुलाबापाशी गेले, बसले, आणि मी जिथे नुसतं वरून चाचपलं होतं तिथे त्यांनी मनगटापर्यंत हात घातला, पार जुन्या थरात. काही तरी धरलं आणि सावकाश ओढलं. ते सहज येईना. पांढरी, दोऱ्याएवढी मुळं त्याच्यातून आरपार गेली होती. नव्या थराच्या खाली सरकलेल्या तुकड्यात गुलाबानं घर केलं होतं. अप्पांनी ती मुळं तोडली. मला त्यांचा तुटण्याचा आवाज आला असं वाटतं, पण तसा आवाज येत नसणार.

तो तुकडा त्यांनी धुतला नाही. तसाच, मातीसकट, मुळांसकट, तिकोनात ठेवला आणि बोटानं कोपरे ताणले. रेघेला रेघ लागली.

टीचर वाकल्या. "तप्पायितु," त्या म्हणाल्या. चुकलं माझं. त्यांचा चेहरा उतरला होता. आणलेलं नवं कापड त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं, माप आधीचंच म्हणाल्या आणि छत्री न उघडताच उन्हात निघून गेल्या. भाजीची गाडी हलली. मास्तरांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

आणि माझ्या तोंडून भला मोठा "हुश्श" निघाला.

अप्पांनी सगळा वेळ टीचरांकडे एकदाही वर बघितलं नव्हतं, रस्त्याकडेही नाही. आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी त्याला सरावलेली होते.

"बरं वाटलं का गे तुला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. अगदी मनापासून, पटकन. म्हणून गेल्यावर मला कळलं मी काय म्हटलं ते. ज्याला आधीपासून माहीत असतं त्याला बरं कशाला वाटेल?

अप्पांनी "हं" केलं आणि फर्म्याचे कागद गोळा करायला लागले. मी पायरीवर उभी होते. काही तरी बोलायला हवं होतं. तसं नाही अप्पा, असं तरी. पण तसंच होतं, आणि त्यांना ते माझ्या तोंडावर दिसलं होतं.

तेवढ्यात आई आतून कॉफीचे पेले घेऊन आली. "गेल्या का टीचरम्मा? कॉफी केली होती की," ती म्हणाली. स्वयंपाकघर पडवीला लागूनच. तिला पहिल्या शब्दापासून सगळं ऐकू गेलं होतं, टीचरांचं बोलणं, भाजीच्या गाडीचं थांबणं, माझं 'हो' सुद्धा. तरी ती दारापर्यंत आली नव्हती. खडूच्या चौकोनावरून तिनं पाऊल उचलून घेतलं आणि त्यात काय बसलं, काय उरलं याकडे ढुंकून बघितलं नाही. तिला त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. तिनं टीचरांसाठी केलेला पेला माझ्या हातात दिला. मी तो घेतला, पण तो संपेपर्यंत मला मान वर करता आली नाही.